पावसाळा, विहीर आणि ड्रायरमधील दोन पट्ट्या

गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, हे एकदा लक्षात घेतले की फोंडा तालुक्यातील एका चिरेबंदी घरात कपडे सुकवण्याचे यंत्र का आणावे लागले, हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही. दोऱ्या पडवीत बांधल्या तरी कपड्यांना कुबट वास येतो, पंख्याखाली टाकलेले टॉवेल दुसऱ्या दिवशीही हाताला गार लागतात आणि कपाटातल्या साड्यांवर बुरशीचे ठिपके उठतात. म्हणून आम्ही कंडेन्सर प्रकारचा ड्रायर घेतला. या प्रकारात गरम दमट हवा नळीने घराबाहेर सोडावी लागत नाही. ती आतच थंड केली जाते आणि निघालेले पाणी एका टाकीत साठते. दोन पावसाळे त्याने निमूटपणे काम केले. यंदा मात्र कपडे अर्धे ओले असतानाच ‘काम झाले’ असे जाहीर करून थांबण्याची सवय त्याला लागली.

लक्षण नेमके सांगायचे तर असे होते: सुती कपड्यांचा स्वयंचलित कार्यक्रम लावला की पडद्यावर आरंभी दोन तासांहून अधिक वेळ दिसे, अर्ध्या-पाऊण तासाने तो आकडा एकाएकी खाली घसरे आणि यंत्र शिट्टी वाजवून थांबे. शर्ट जेमतेम सुकलेले असत, जीन्सचा कमरेचा पट्टा आणि खिशांचे अस्तर चांगलेच ओले असे, आणि टॉवेल तर पुन्हा दोरीवर टाकण्याच्या लायकीचे. सेवा केंद्रात फोन केला तेव्हा पलीकडच्या तंत्रज्ञाने चार वाक्ये ऐकून ‘सेन्सर गेला, पीसीबी बदलावा लागेल’ असा निकाल दिला. पीसीबी म्हणजे यंत्राचे नियंत्रण करणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. त्या बोर्डाची किंमत यंत्राच्या किमतीच्या मानाने हसण्यासारखी नव्हती, आणि वॉरंटी संपलेली होती. तंत्रज्ञाचे म्हणणे चूक असेलच असे मी तेव्हा धरले नाही. पण यंत्र न पाहता सर्वांत महाग भागावर बोट ठेवणारे निदान मान्य करण्याआधी आपण काय काय तपासू शकतो, एवढे तरी पाहावे असे ठरवले. उच्च माध्यमिक विद्यालयात भौतिकशास्त्र शिकवीत असल्याने घरात विजेचा दाब, रोध वगैरे मोजणारा मल्टिमीटर होता आणि तो वापरण्याची भीती नव्हती, हा त्यातला फायदा.

या सेन्सरचे काम समजून घेतले की पुढचा सगळा तपास सोपा होतो. नावाने तो आर्द्रतेचा सेन्सर असला तरी आर्द्रता मोजणारे कोणतेही नाजूक उपकरण त्यात नसते. ड्रमच्या तोंडाशी, बहुधा कपड्यांतून सुटलेली लव साठवणाऱ्या जाळीच्या जवळ, स्टेनलेस स्टीलच्या दोन लांबट पट्ट्या एकमेकींपासून थोड्या अंतरावर बसवलेल्या असतात. काही यंत्रांत एकच पट्टी असते आणि ड्रम स्वतःच दुसऱ्या ध्रुवाचे काम करतो. ड्रम फिरताना ओला कपडा दोन्ही पट्ट्यांना एकदम स्पर्श करतो, त्या कपड्यातल्या पाण्यातून अतिशय सूक्ष्म विद्युतप्रवाह एका पट्टीकडून दुसरीकडे जातो आणि बोर्ड त्याची नोंद घेतो. कपडा जसजसा सुकतो तसतसा त्याचा रोध वाढत जातो, प्रवाह क्षीण होतो, आणि ठरावीक काळ पुरेसा प्रवाह आढळला नाही की बोर्ड समजतो की कपडे सुकले. तेव्हा यंत्र पाणी मोजत नाही, वीज किती वाहते ते मोजते, आणि त्यावरून पाण्याचा अंदाज बांधते. ज्या कोणत्या कारणाने प्रवाह अडेल त्या कारणाने यंत्राला ओले कपडे सुके वाटतील. ते कारण बोर्डातच असेल असे मुळीच नाही.

पहिली परीक्षा अगदी साधी असते आणि तिला एकही स्क्रू काढावा लागत नाही. जवळजवळ प्रत्येक ड्रायरमध्ये स्वयंचलित कार्यक्रमांबरोबर वेळ ठरवून चालणारा कार्यक्रमही असतो आणि त्यात सेन्सरला काही विचारले जात नाही. तेवढेच कपडे या दुसऱ्या पद्धतीने दीड तास फिरवले. टॉवेलांसकट सगळे खडखडीत सुकले. याचा अर्थ हीटर तापतो आहे, पंखा हवा ढकलतो आहे, कंडेन्सरमध्ये लव तुंबलेली नाही आणि पाण्याचा पंपही चालू आहे. याच परीक्षेत कपडे ओले राहिले असते तर सेन्सरचा नाद सोडून हवेचा मार्ग आणि उष्णता यांकडे वळावे लागले असते.

उष्णतेवरून आठवले म्हणून येथेच सांगते. पावसाळ्यात आमच्याकडे विजेचा दाब संध्याकाळी बराच उतरतो, आणि त्याचा हीटरवर होणारा परिणाम लोकांना वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टवर २००० वॉट देणारा हीटर १८० व्होल्टवर जेमतेम १२०० वॉट देतो. म्हणजे दाब पाचव्या हिश्श्याहून थोडा अधिक उतरला तर उष्णता दोन पंचमांशाच्या आसपास घटते. पण अशा वेळी सेन्सर ठीक असेल तर यंत्र फक्त जास्त वेळ चालते, लवकर थांबत नाही. आमची तक्रार नेमकी उलटी असल्यामुळे कमी दाबाचा संशय बाजूला ठेवता आला.

दुसरा विचार करायचा तो कपड्यांच्या प्रमाणाचा. दोन-तीनच कपडे असतील तर ते ड्रमच्या मागच्या भागात लोळत राहतात, पट्ट्यांना क्वचितच लागतात, आणि स्पर्श होत नाही म्हणजे सुकले असे समजून यंत्र थांबते. हा दोष नाही, त्या रचनेची मर्यादा आहे. सासूबाईंचे सोवळ्याचे एक पातळ आणि पंचा एवढेच वेगळे सुकवायचे असेल तर स्वयंचलित कार्यक्रम लावण्यात अर्थ नाही. तेथे वेळ ठरवूनच काम करावे. आमचा ड्रम मात्र दर वेळी निम्म्याहून अधिक भरलेला असे, त्यामुळे हेही कारण लागू नव्हते.

मग पट्ट्यांकडे वळले. प्लग काढला, दार उघडले आणि मोबाइलचा दिवा तिरपा धरून पाहिले. समोरून पाहिल्यास पट्ट्या स्वच्छ चमकत होत्या. तिरप्या उजेडात मात्र त्यांच्यावर निळसर-करडी, तेलकट दिसणारी साय दिसली, आणि नखाने ओढल्यावर तिच्यात बारीक रेघ उमटली. कपडे मऊ राहावेत म्हणून शेवटच्या पाण्यात जो सॉफ्टनर घालतात त्यातले मेणासारखे द्रव्य कपड्यांवर बसते, आणि कपडे गरम होऊन घासू लागले की त्यातला थोडा भाग ड्रमवर, जाळीवर आणि या पट्ट्यांवर चढतो. ड्रायरमध्ये टाकायच्या सुगंधी कागदांनी हे आणखी लवकर होते. हा थर विजेला वाट देत नाही. एखाद्या दिवसात तो जाणवत नाही, पण वर्षा-दोन वर्षांत यंत्र हळूहळू आंधळे होते.

पट्ट्या पुसण्यासाठी औषधाच्या दुकानातले आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ सुती फडके पुरेसे असते. सँडपेपर किंवा भांडी घासायची तारेची घासणी वापरू नये. स्टीलवर ओरखडे पडतात आणि पुढच्या वेळी थर त्या ओरखड्यांतच घट्ट बसतो. शेजारच्या काकांनी पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या, वस्तू ठेवायच्या कपाटाकडे बोट दाखवून ‘मातशी फेणी लाय गो बाय’ (थोडी फेणी लाव गं बाई) असा उपाय सुचवला. काजूच्या फेणीत अल्कोहोल साधारण ४२.८ टक्के असते आणि उरलेला भाग बव्हंशी पाणीच, त्यामुळे मेणकट थर काढायला ती कमी पडते. शिवाय तो वास कपड्यांना लागला असता तर शाळेत स्पष्टीकरण देत बसावे लागले असते. व्हिनेगरही चालते, पण ते पांढरे, स्वच्छ असावे. आपल्या स्वयंपाकघरातले माडाचे व्हिनेगर विंदालूत घालावे. त्याला रंग असतो आणि त्यात तळाशी बसणारा गाळही असतो, तो पट्ट्यांवर राहिला तर काम वाढते.

त्याच बैठकीत लवेची जाळीही पाहावी. तिच्यावरची लव आम्ही दर वेळी काढतो, पण सॉफ्टनरचा थर जाळीच्या छिद्रांवरही बसतो आणि डोळ्यांना दिसत नाही. जाळी नळाखाली आडवी धरून तिच्यावर थोडे पाणी ओतावे. पाणी सरळ खाली गेले तर ठीक; जाळीवर थबकून डबके झाले तर हवाही तशीच अडत असणार. आमच्या जाळीवर पाणी क्षणभर थांबले. भांडी घासायचा साबण आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन ती धुतली, आणि पूर्ण सुकवूनच परत बसवली.

सफाईनंतर फरक पडला. कार्यक्रम अधिक वेळ चालू लागला, शर्ट नीट सुकू लागले. पण जाड कपडे अजूनही ओलसर राहत आणि गंमत अशी की ते रोज सारखे राहत नसत. एखाद्या दिवशी सगळे उत्तम सुके, दुसऱ्या दिवशी तेच टॉवेल पुन्हा दमट. अशा अधूनमधून येणाऱ्या दोषात बोर्डापेक्षा जोडणीवर आधी संशय घ्यावा.

पुढची पायरी ज्यांना विजेच्या कामाचा सराव नाही त्यांनी घरच्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून बाहेर काढलाच पाहिजे. आणि काढल्यावरही काही वेळ जाऊ द्यावा, कारण मोटरच्या कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असू शकतो. ज्यांचा ड्रायर हीट पंप प्रकारचा, म्हणजे फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असलेला, आहे त्यांनी तर वायूच्या नळ्यांना आणि कॉम्प्रेसरला हातच लावू नये. अलीकडच्या अनेक यंत्रांत शीतक म्हणून प्रोपेन असतो आणि तो ज्वालाग्राही आहे. पट्ट्यांची वायर तपासण्यासाठी त्या भागाकडे जावेही लागत नाही.

आधी मल्टिमीटर रोध मोजण्यावर ठेवून त्याची दोन टोके दोन पट्ट्यांवर टेकवली. कोरड्या पट्ट्यांमध्ये काहीच आकडा येता कामा नये, आणि आला नाही. मग ओले फडके दोन्ही पट्ट्यांवर आडवे दाबून धरले तेव्हा आकडा आला. तो स्थिर राहत नाही, सरकत राहतो. मीटरचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो, त्यामुळे पाण्यातले आयन पट्ट्यांच्या पृष्ठभागापाशी गोळा होत जातात आणि रोध बदलल्यासारखा दिसतो. त्या हलत्या आकड्याने घाबरून जाऊ नये. आपल्याला पाहायचे असते ते एवढेच की ओल्या फडक्याने वाट मिळते आणि सुक्याने मिळत नाही. त्यानंतर पुढचे पॅनेल सोडवून पट्ट्यांपासून निघणाऱ्या दोन वायरी शोधल्या, त्या बोर्डाला जेथे जोडल्या जातात तेथला प्लॅस्टिकचा कनेक्टर बाहेर काढला, आणि पट्ट्यांवर तेच ओले फडके ठेवून वायरींच्या या टोकाला पुन्हा मोजले. येथे आकडा कधी येई, कधी नाहीसा होई. वायरींचा जुडगा जरा हलवला की पुन्हा येई.

कनेक्टर उलटा करून भिंगातून पाहिला. दोन पिनांपैकी एक पितळी रंगाची, चकचकीत होती. दुसरीच्या मुळाशी हिरवट-निळसर भुकटीचे कडे जमले होते आणि त्यात लवेचा एक बारीक तंतू चिकटून बसला होता. तांब्याच्या मिश्रधातूला दमट हवेत चढणारा हा गंज आहे. समुद्र आमच्यापासून काही कोस दूर असला तरी चार महिने हवेत जो ओलावा भरून राहतो त्याला एवढे काम जमते. किनाऱ्यालगतच्या घरांत खाऱ्या वाऱ्यामुळे ते याहूनही लवकर होत असणार. सूक्ष्म प्रवाह वाहणाऱ्या जोडणीत असा गंज फार नडतो. हीटरच्या जाड वायरीवर तेवढा गंज असता तर ती जागा तापली असती, वास आला असता, काहीतरी कळले असते. येथे मात्र काहीच जळत नाही, फक्त निरोप पोहोचत नाही.

कॉन्टॅक्ट क्लीनरचा, म्हणजे विजेच्या जोडण्या साफ करणाऱ्या द्रवाचा, फवारा मारून, लाकडी दातकोरणीने ती भुकटी हलकेच खरवडून, दोन-तीनदा कनेक्टर लावून काढून पिना स्वच्छ केल्या. फवारा पूर्ण उडून जाईपर्यंत पॅनेल उघडेच ठेवले. हे द्रव बहुधा ज्वालाग्राही असते, म्हणून खिडकी उघडी ठेवावी आणि यंत्र लगेच सुरू करू नये. नंतर वायरींच्या टोकाला ओल्या फडक्याचा आकडा नीट, न तुटता येऊ लागला. बोर्ड अजून शाबूत होता, आणि तंत्रज्ञाने सांगितलेला खर्च टळला होता.

येथे हा मजकूर संपायला हवा होता. पण एक कोडे उरले होते, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तेच सर्वांत विचार करण्यासारखे आहे. यंत्र आता बहुतेक दिवशी बरोबर थांबत होते. तरी काही विशिष्ट दिवशी ते पंधरा-वीस मिनिटे आधीच थांबे. ते दिवस कोणते हे सासूबाईंनी आधी ओळखले. ‘नळाला पाणी नसतं त्या दिवशी बघ,’ त्या म्हणाल्या. आमच्या भागात ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पाणी येते. खांडेपार नदी गढूळ झाली, कुठे वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली की नळ कोरडा पडतो आणि मग पंप लावून विहिरीचे पाणी टाकीत चढवावे लागते. त्या दिवशीचे कपडे विहिरीच्या पाण्यात धुतलेले असत.

कोकण-गोव्यातल्या जांभ्यात खोदलेल्या विहिरींचे पाणी मृदू असते, हे आजीपासून सर्वांना ठाऊक आहे; त्यात साबणाला फेस भरपूर येतो आणि डाळ लवकर शिजते. जांभा हा लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन निघालेला दगड आहे. त्यातले चुन्यासारखे विरघळणारे क्षार केव्हाच वाहून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम यांची न विरघळणारी संयुगे तेवढी मागे राहिली. त्यातून झिरपलेल्या पाण्याला घेण्यासारखे क्षार फारसे मिळतच नाहीत. त्यात जुलै-ऑगस्टमध्ये विहीर काठोकाठ भरते, ते बहुतांशी ताजे पावसाचे पाणी असते. आता सेन्सरकडे परत येऊ. शुद्ध पाणी विजेचे चांगले वाहक नसते. वीज वाहून नेतात ते पाण्यात विरघळलेले क्षार. क्षार कमी तर प्रवाह कमी, आणि प्रवाह कमी म्हणजे यंत्राच्या हिशेबी कपडा सुका.

पाण्याच्या शुद्धीकरण यंत्राबरोबर आलेला टीडीएस मीटर घरात होता. हा मीटरही मुळात पाण्याची विद्युतवाहकताच मोजतो आणि तिच्यावरून क्षारांचा अंदाज सांगतो, त्यामुळे ड्रायरला पाणी कसे ‘दिसते’ हे तपासायला याहून योग्य साधन मिळाले नसते. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी विरघळलेल्या एकूण पदार्थांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. आमच्या विहिरीच्या पाण्याचा आकडा त्याच्या दहाव्या भागापर्यंतही पोहोचला नाही, आणि नळाच्या पाण्याच्या तुलनेत तो निम्म्याहून कमी होता. खात्रीसाठी एकाच जोडीतले दोन टॉवेल घेतले, एक नळाच्या पाण्यात आणि एक विहिरीच्या पाण्यात चांगले खळबळून सारखे पिळले, आणि पट्ट्यांवर आळीपाळीने दाबून मोजले. विहिरीच्या टॉवेलाचा रोध स्पष्टपणे जास्त आला. ओलेपणा दोघांचा सारखाच.

यात आमच्या एका सवयीने भर घातली होती. मुलीच्या त्वचेला साबणाचा अंश सोसत नाही म्हणून धुलाई यंत्रात एक जादा खळबळणी लावलेली असते. साबणाचा जो थोडा अंश कपड्यात राहिला असता त्यानेही प्रवाहाला मदत झाली असती. तो जितका निघून जाईल तितका कपडा यंत्राला सुका भासतो. स्वच्छ खळबळलेला कपडा लबाड ठरावा, असा हा प्रकार आहे. जादा खळबळणी बंद करण्याचा प्रश्न नव्हता, म्हणून तोडगा यंत्राच्या बाजूने शोधावा लागला.

तो माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर सापडला. परदेशी बनावटीच्या बऱ्याच कंडेन्सर आणि हीट पंप ड्रायरमध्ये पाण्याच्या वाहकतेची सोय असते: कमी, मध्यम, जास्त अशा पातळ्या. ती मुख्य पडद्यावर दिसत नाही. दोन बटणे काही सेकंद एकत्र दाबून ठेवली की उघडते आणि कोणती बटणे ते पुस्तिकेत दिलेले असते. ही सोय आणि ‘अधिक सुके’ हे रोजच्या वापरातले बटण या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘अधिक सुके’ म्हणजे कपडे आणखी वाळवा एवढी आज्ञा. वाहकतेची पातळी बदलणे म्हणजे येथल्या पाण्यातून वीज किती वाहते याबद्दलची यंत्राची समजूतच बदलणे. आम्ही पातळी ‘कमी’वर आणली आणि विहिरीच्या दिवसांची तक्रार मिटली. नळाच्या पाण्याच्या दिवशी यंत्र आता थोडे जास्त चालते आणि विजेचे बिल त्या मानाने वाढेल. हिवाळा लागला की पातळी पुन्हा मध्यमवर न्यायची असे ठरवले आहे. ज्यांच्या यंत्रात ही सोय नाही त्यांनी पावसाळ्यापुरते ‘अधिक सुके’ लावावे, जवळपास तेच साधते.

एका तक्रारीत मात्र सेन्सर निर्दोष असतो, तरी दोष त्याच्याच माथी येतो. कपडे यंत्रातून काढताना खडखडीत असतात, पलंगावर ढीग करून ठेवले की तासाभराने ओलसर लागतात. सुती कापड हवेतला ओलावा शोषते. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला त्यात वजनाच्या सात-आठ टक्के पाणी असतेच आणि आपण त्याला सुकेच म्हणतो. आपल्याकडे जुलैत आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा तेच कापड जवळजवळ दुप्पट पाणी धरते. कपाटात ठेवण्याजोगे सुके म्हणजे काय, याची आंतरराष्ट्रीय चाचण्यांतली व्याख्याही २० अंश सेल्सिअस आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत मुरलेल्या कापडाशी बांधलेली आहे; तशी खोली गोव्यात आषाढात वातानुकूलन लावल्याशिवाय मिळायची नाही. पॉलिस्टर जवळपास काहीच पाणी शोषत नाही, म्हणून शाळेचे गणवेश सुके राहतात आणि बाबांचे सुती सदरे दमट होतात, यात यंत्राचा पक्षपात नाही. कपडे कोमट असतानाच घड्या घालून कपाटात बंद करावेत, एवढाच त्यावर उपाय.

उलट दोष, म्हणजे यंत्र थांबतच नाही, तो मिरामारला राहणाऱ्या नणंदेकडे पाहिला. तेथे पट्ट्यांच्या मागच्या बाजूला ओली लव साचून दोन्ही टोकांमध्ये पूल झाला होता, त्यामुळे ड्रम रिकामा असतानाही यंत्राला कपडे ओलेच वाटत. तपासण्याची रीत तीच: कनेक्टर काढायचा, पट्ट्या कोरड्या ठेवायच्या आणि वायरींच्या टोकाला मोजायचे. येथे आकडा येता कामा नये. तो आला, म्हणजे कुठेतरी नको तेथे वाट आहे. लव काढून जागा सुकवल्यावर काम झाले. लांबलेल्या वेळेचे कारण तुंबलेला कंडेन्सर किंवा, बाहेर हवा सोडणाऱ्या यंत्रांत, चिरडलेली नळी हेही असू शकते, म्हणून आधी ते पाहून मगच मीटर हातात घ्यावा.

एका गोष्टीवर आमच्याकडे अजून इलाज निघालेला नाही. चतुर्थीला पाहुणे आले की डबल बेडच्या चादरी एकदम चार-पाच धुवाव्या लागतात. ड्रममध्ये त्या एकमेकींत गुंडाळल्या जातात, बाहेरची सुकून पट्ट्यांना घासत राहते आणि आतल्या गाठोड्यात उशांचे अभ्रे चिंब राहतात. सेन्सरला बाहेरचाच थर लागतो, त्यामुळे त्याच्या नोंदीत चूक काहीच नसते. अशा वेळी मी निम्म्या वेळेला यंत्र थांबवून चादरी झटकून पुन्हा सुट्या टाकते, अभ्रे वेगळ्या खेपेला ठेवते, आणि शेवटची वीस मिनिटे वेळ ठरवूनच चालवते.